दादाशिवायचा मोसम

सिग्नल हिरवा झाला तेव्हा ती शेजारच्या रांगेकडे पाहत होती. तिथे एका राखाडी गाडीत तिचा दादा बसला होता आणि त्याने निळं जाकीट घातलं होतं. एवढंच. जाकीट काही वाईट नव्हतं, त्याला शोभतही होतं. पण निळ्यावर खांद्यापासून कोपरापर्यंत उतरलेला तो पांढरा पट्टा तिने आजवर फक्त आरशात पाहिला होता, मागून चिकटत येणाऱ्या गाड्यांच्या बॉनेटवर. तो निळ्यांचा, शर्यतीतल्या त्यांच्या प्रतिस्पर्धी टीमचा, पट्टा होता. दादा समोर बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. फोनवर कुणाशी तरी तो त्याच्या त्या पद्धतीने बोलत होता, एकेक शब्द खुंटीला टांगावा तसा ठेवत. "मॅडम, हिरवा झालाय," स्टिअरिंगमागे बसलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जाऊ का?" ती राखाडी गाडीकडेच पाहत राहिली. मागून एक हॉर्न वाजला, मग दोन, मग सगळेच. डॉक्टरीणबाईंनी घाबरून क्लच सोडला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली. दादाची राखाडी गाडी सरळ निघून गेली. दारावर मोठ्या अक्षरांत ड्रायव्हिंग स्कूलचं नाव रंगवलेल्या त्या गाडीत, शिकवणाऱ्याच्या सीटवर, पायाशी जादाचा ब्रेक असून ती नुसती बसून राहिली. "मॅडम, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "दाढ दुखतेय का?" ती हसली. "चावी फिरवा," ती म्हणाली. "न्यूट्रल करा आधी. घाई नाही. त्यांना वाजवू दे."

आठवडाभर ती अशी लोकांना गाडी शिकवायची आणि मोसम सुरू झाला की महिन्यातल्या एखाद्या शनिवार-रविवारी राष्ट्रीय टूरिंग कार अजिंक्यपदाच्या शर्यतीत उतरायची. रोज रस्त्यावर दिसतात तशाच चार दारांच्या गाड्या, फक्त आतून सोलून काढलेल्या: सीट नाहीत, गालिचे नाहीत, छपराचं अस्तर नाही, नुसता पत्रा, लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि त्यात पट्ट्यांनी आवळून बांधलेला एक जीव. एकाच वळणावर वीस-बावीस गाड्या दाराला दार घासत घुसायच्या. बाहेरून पाहणाऱ्याला बाजारातली धक्काबुक्की वाटावी. तिला मात्र त्या गर्दीत कधी गर्दी वाटली नव्हती, कारण तिच्या कानात दादा असायचा. ट्रॅकच्या कडेला टीम थांबतात त्या पिटच्या भिंतीपाशी उभा राहून, डोक्याला हेडफोन लावून तो तिला सगळं सांगायचा. डावीकडे एक आहे. अजून आहे. गेला. पुढच्याचे टायर संपलेत, दोन वळणं थांब. आता. त्याचं ते "आता" निघालं की तिचे हातपाय तिला न विचारता चालायचे. वर्तमानपत्रात एकदा कुणीतरी लिहिलं होतं की या बाईंना डोक्याच्या मागेही डोळे आहेत. दादाने ते कात्रण भिंतीला लावून वर लिहिलं होतं, "मागचे डोळे म्हणजे मीच."

दुपारी ती औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या शेडमध्ये गेली. नारिंगी गाडी स्टँडवर चढवलेली होती, चाकं काढलेली, पायताण नसलेल्या माणसासारखी. टीमचा प्रमुख, ज्याला सगळे पैलवान म्हणत आणि जो स्वतः एके काळी या पिंजऱ्यात जेमतेम मावायचा, एका खोक्यावर बसून नाक शिंकरत होता. तिला पाहताच त्याने रुमाल खिशात घातला. "कळलं तर तुला," तो म्हणाला. "तुला माहीत होतं?" "दोन-चार दिवस झाले. त्याने स्वतः सांगावं म्हणून मी मूग गिळून बसलो. त्याला निळ्यांनी मुख्य इंजिनिअर केलंय. दोन्ही गाड्या त्याच्या हाताखाली." तिने चाक नसलेल्या हबवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. "आणि मला कोण?" ती म्हणाली. पैलवानाने हनुवटीने शेडच्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे एक लांबोडका तरुण माणूस संगणकासमोर पाठमोरा बसला होता. त्याने वळून मान लववली आणि पुन्हा पडद्यात तोंड घातलं. "चांगला आहे," पैलवान खालच्या आवाजात म्हणाला. "जरा कमी बोलतो." आठवडाभरात मेकॅनिकांनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं.

दादाचे फोन आले. तिने उचलले नाहीत. उचलला असता तर तो आवाज कानात आला असता. तेच तिला नको होतं आणि तेच हवं होतं. स्वयंपाकघरात उभी राहून ती फोनचं थरथरणं पाहत राही; तो ओट्यावरून हळूहळू सरकत कडेला येई, पडेल पडेल असं वाटे आणि थांबे. अशा वेळी तिला खूप जुनी एक जागा आठवे. आठवे म्हणजे दिसत नसे, कारण तिथे दिसण्यासारखं काही नव्हतंच. ती सात वर्षांची असताना तिच्या डोळ्यांचं काहीतरी बिघडलं होतं, ऑपरेशन झालं होतं आणि नंतर कित्येक दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. आई हॉस्पिटलात नर्स, वडील दिवसभर गॅरेजमध्ये. घरात ती आणि अकरा वर्षांचा दादा. पायाखाली गार फरशी, मग खरखरीत पायपुसणं, मग पुन्हा गार. औषधाचा वास. आणि कुठून तरी पुढून येणारा दादाचा आवाज: तीन पावलं ये, बेबी. उंबरा आहे, पाय उचल. शाब्बास. आता भिंत डाव्या हाताला. घर तिला त्या दिवसांत जितकं कळलं तितकं नंतर कधीच कळलं नाही. घर म्हणजे तो आवाज होता. त्याच आवाजाने पुढे वडिलांच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत तिला गाडी शिकवली, त्याच आवाजाने पहिल्या शर्यतीत तिला पोचवलं, आणि आता ती चाळिशीला टेकलेली बाई होती, तरी घरात बेबीच होती आणि कानात तो नसला की तिला उंबरे लागत होते.

पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे मोसमातल्या पहिल्या शर्यतीच्या, सकाळी ऊन चांगलं होतं. हेल्मेट घातलं, पट्टे आवळले, रेडिओ लावला. "ऐकू येतंय का?" तिने विचारलं. "हो," मौनीबाबा म्हणाला. तिने आणखी काही येईल म्हणून वाट पाहिली. काही आलं नाही. सुरुवातीचे लाल दिवे विझले, गाड्या सुटल्या, आणि पहिल्या वळणाकडे जाताना तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं तिने शर्यतीचा खरा आवाज ऐकलेलाच नव्हता. पत्र्याचं किंचाळणं, गिअरचं कण्हणं, खडे उडून बुडाला आपटायचे ते ताशे, आणि या सगळ्याच्या आत, अगदी जवळ, कुणीतरी जिना चढून आल्यासारखं धापा टाकत होतं. ती स्वतःच होती ती. "डावीकडे एक," मौनीबाबा म्हणाला. पुढे काय? आहे, की गेला? ती "गेला"ची वाट पाहत राहिली, वाट पाहताना वळण रुंद घेतलं गेलं, आणि आतल्या बाजूने एकामागून एक तिघे-चौघे निघून गेले, जणू दुकानाच्या रांगेत ती कुणासाठी तरी जागा धरून उभी होती. अकरावी आली. निळ्यांचा नवा ड्रायव्हर, गुळगुळीत हनुवटीचा, सगळे ज्याला चिकणा म्हणत, दुसरा आला. पिटमध्ये परतताना तिला भिंतीपाशी दादा दिसला. हेडफोन गळ्यात उतरवून तो तिच्याकडे पाहत होता. तिने हेल्मेटची काच पुसायला घेतली.

दुसऱ्या टप्प्याला तिने युक्ती केली. दादा बाहेर नाही तर आतून बोलेल, असं तिने ठरवलं. इतकी वर्षं ऐकलंय, पाठ आहे सगळं. आणि खरंच, सुरुवातीला तो बोलू लागला. डोक्यात, अगदी त्याच चढउतारांत: अजून थांब, अजून, आता. दोन गाड्या तिने तशा मागे टाकल्या आणि तिला आनंदाने भरून आलं. मग लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, जिथे वारा बाजूने झोडपत होता, ब्रेक दाबायची वेळ झाली तेव्हा आतला दादा म्हणाला, अजून थांब. ती थांबली. खरा दादा असं कधीच म्हणाला नसता. वाऱ्याचं त्याने सकाळीच पाहून ठेवलं असतं. हा तर नुसता तिच्या आठवणीचा पोपट होता. गाडी वळलीच नाही, सरळ वळणाबाहेरच्या खडीत शिरली, दारापर्यंत रुतली आणि तिने इंजिन बंद केलं. धूळ खाली बसली. बाकीच्या गाड्या दूर डोंगरामागे गेल्यासारख्या झाल्या आणि मधेच, कुठल्याशा झुडपात, एक पक्षी निवांतपणे ओरडला. तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. त्याऐवजी विलक्षण कंटाळा आला, स्वतःचा. "ठीक?" कानात मौनीबाबाने विचारलं. "ठीक," ती म्हणाली. दोघांपैकी कुणीही रेडिओ बंद केला नाही. त्या दिवशी चिकणा जिंकला.

डॉक्टरीणबाईंची शिकवणी मधल्या वारी चालूच होती. बाई पन्नाशीच्या, नुकताच घटस्फोट झालेला. नवऱ्याने गाडी ठेवली नाही पण गाडीची भीती ठेवून गेला, असं त्या स्वतःच सांगत. खडीतून गाडी ओढून काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्यांना चौकाचौकांतून फिरवत होती आणि सवयीप्रमाणे बोलत होती: आरसा बघा, डावीकडे सायकल आहे, वेग कमी करा, आता दुसरा गिअर. बाईंनी गाडी कडेला घेतली, व्यवस्थित उभी केली, हँडब्रेक ओढला. "राग मानू नका," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे येणारी माणसं तोंड उघडून बसतात, बोलू शकत नाहीत. तीस वर्षं मी शांततेत काम केलंय. तुम्ही बोलायला लागलात की मला सायकल दिसत नाही, तुमचं बोलणंच दिसतं." "मी गप्प बसले तर?" "तर मी कदाचित कुणाला तरी धडकेन." "मग?" "मग तुमच्या पायाखाली ब्रेक आहे की," बाई म्हणाल्या. "त्याचे पैसे घेता ना?" त्या दिवशी ती ब्रेकवर पाय ठेवून, ओठ आवळून बसली. ते फार जड गेलं. प्रत्येक वळणावर शब्द जिभेशी येऊन उभे राहत, बस चुकलेल्या माणसांसारखे. बाईंनी दोनदा गाडी बंद पाडली, एका फळांच्या गाडीला इंचभर अंतर राखून वळसा घातला आणि घरी पोचल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून खूप हसल्या.

त्या रविवारी आईने दोघांना जेवायला बोलावलं. निरोप असा होता की त्यातून सुटका नव्हती: "आला नाहीत तर मी दोन डबे घेऊन दोन्ही टीमच्या दारात येऊन उभी राहीन." आईच्या घरात जेवताना गाड्यांचा विषय काढायचा नाही असा वडिलांच्या वेळेपासूनचा नियम होता, त्यामुळे टेबलाशी हवापाणी झालं, वहिनीच्या शाळेतल्या बदल्या झाल्या, शेजारच्यांचं कुत्रं झालं. दादा निळं जाकीट घालून आला नव्हता. तिच्या मनात आलं, माझ्यासाठी काढून ठेवलंय, आणि तिला त्याचाही राग आला. भाजीचं भांडं त्याने तिच्याकडे सरकवलं तेव्हा ती म्हणाली, "सांगायला काय झालं होतं?" "फोन केले," दादा म्हणाला. "आधी. आधी सांगायला." "जेवताना नाही," आई म्हणाली. "हा गाड्यांचा विषय नाहीये, आई," ती म्हणाली. वहिनी पाणी आणायला उठली. टेबलावरचा पाण्याचा जग भरलेलाच होता. दादाने चमचा खाली ठेवला. "आधी सांगितलं असतं तर तू काही म्हणाली नसतीस," तो म्हणाला. "नुसती बघत राहिली असतीस. आणि मी राहिलो असतो." "राहायचं नव्हतं तर..." "बेबी, मला दोन गाड्या हव्या होत्या. मला गाडी बांधायची होती, माझ्या डोक्याने, पहिल्या नट-बोल्टापासून. मला लोकांनी अमक्या बाईचा भाऊ म्हणणं बंद करायला हवं होतं. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. तुझा कान होऊन किती वर्षं राहू?"

तो हे ओरडून बोलला नाही. शर्यतीत बोलायचा त्याहूनही हळू बोलला. आणि तिला एक विचित्र गोष्ट जाणवली, की हा आवाज तिने ऐकलेलाच नाही. हा तिला काही सांगत नव्हता, हा मागत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. कानाजवळ केस पांढरे झाले होते. डाव्या भुवईत एक लहानसा व्रण होता, तो कधीचा, हे तिला आठवेना. कदाचित विचारलंच नव्हतं. ज्या माणसाच्या आवाजातली खरखर, थुंकी गिळणं, सर्दी, सगळं तिला पाठ होतं, त्याला काय हवं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिला एकाएकी लाज वाटली आणि लाजेबरोबर थोडं हलकंही वाटलं, पायातला खडा नेमका कुठे आहे ते सापडल्यावर वाटतं तसं. "मला कळलं नाही," ती म्हणाली. "मलाही कुठे कळलं होतं," दादा म्हणाला. आईने इतक्या वेळात ताट संपवलं होतं. "पट्टी सोडली त्या दिवसाचं सांगू का?" ती म्हणाली. "डॉक्टरांनी हिची पट्टी सोडली, डोळे उत्तम. घरी आणलं तर ही डोळे मिटूनच चालतेय. मी म्हटलं, अगं उघड. तर म्हणते, दादा सांगतोय ना. आणि हा शहाणा दारात उभा राहून सांगतोय, उंबरा आहे, पाय उचल. याला माहीत होतं पट्टी सुटलीय ते. दोघांनी मिळून मला दोन दिवस वेड्यात काढलं." "मजा येत होती," दादा म्हणाला. "मग आता कुणा एकट्याला दोष देऊ नका," आई म्हणाली. "जेवा."

शेडमध्ये तिने पहिल्यांदाच मौनीबाबाच्या शेजारी खुर्ची ओढून घेतली. खडीत गेली त्या वळणाचा आलेख पडद्यावर होता, तिच्या पायाने कुठे ब्रेक दाबला, कुठे नाही, सगळी रेघ. "हे मला समजावून सांग," ती म्हणाली. त्याने तोंड उघडलं, आणि शब्द त्याच्या ओठांशी अडला. मान जराशी पुढे झाली, डोळे मिटले, शब्द आला, पुढचा पुन्हा अडला. ती थांबली. घाई नाही, असं म्हणावंसं वाटलं तेही तिने म्हटलं नाही. वाक्य पुरं व्हायला वेळ लागला, पण वाक्य पक्कं होतं: ब्रेक उशिरा दाबला म्हणून नाही, उशीर होतोय हे कळल्यावरही ती दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहत होती म्हणून गाडी गेली, रेषेत तेवढा सपाट तुकडा दिसतो. "छोटे शब्द अ-अडकत नाहीत," तो मग म्हणाला. "म्हणून रेडिओवर छोटे. मला वाटलं, तुम्ही मला काढाल." एका नसलेल्या आवाजात ती इतकी गुंतली होती की असलेला आवाज का कमी येतो हे तिने विचारलंच नव्हतं. दुसऱ्यांदा तीच चूक, तीही एका आठवड्यात. "असं करू," ती म्हणाली. "बोलायचं काम मी करते. मला काय दिसतंय ते मी सांगत जाते. चुकलं तर तू 'नाही' म्हण." "आणि ब-बरोबर असलं तर?" "तर गप्प बस. तुला तर सवय आहे." मौनीबाबा हसला. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. डॉक्टरीणबाईंनी लगेच हेरले असते.

तिसऱ्या टप्प्याला ती बोलू लागली. आधी स्वतःलाच ते वेड्यासारखं वाटलं, रिकाम्या घरात फर्निचरशी बोलावं तसं. उजवीकडे पांढरा, माझ्या मागच्या दाराशी. येतोय. नाही येत. पुढचा वळणाची आतली बाजू मोकळी ठेवतोय, त्याचे पुढचे टायर सरकतायत, धूर नाही पण वास आहे. बोलता बोलता तिला ते दिसू लागलं. आधी तोंडाने म्हटलं की मग डोळ्यांना दिसायचं. मग दोन्ही एकदम. आणि शर्यत अर्धी झाल्यावर कधीतरी डोळे तोंडाच्या पुढे गेले आणि ती गप्प झाली. गप्प झाल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. "आहात?" कानात मौनीबाबाने काळजीने विचारलं. "आहे," ती म्हणाली आणि पांढऱ्याच्या आतून सहज निघून गेली. चौथी आली. पैलवानाने तिला उचललं आणि त्याची पाठ भरली. चौथ्या टप्प्याला ती जिंकली. या शर्यतींचा एक खोडसाळ नियम असा की जो जिंकेल त्याच्या गाडीत पुढच्या वेळी शिशाच्या लाद्या बसवायच्या, म्हणजे कुणी फार पुढे पळू नये. सीटशेजारी मेकॅनिकांनी त्या लाद्या बोल्टांनी आवळल्या तेव्हा तिने एकीवर हात ठेवून पाहिला. गार, ओबडधोबड, कासवाच्या पाठीसारखी. पाचव्या टप्प्यावर गाडी प्रत्येक चढाला कुरकुरली, वळणाला बाहेर झुकली. जुन्या दिवसांत दादाने तिला त्या वजनाची गणितं कानात सांगितली असती. आता ते वजन तिला थेट मांड्यांना कळत होतं, पाठीच्या खालच्या मणक्याला कळत होतं, आणि त्यात त्रासाइतकीच मजा होती. तिसरी आली. चिकणा पुन्हा पहिला. त्याची निळी गाडी काय सुरेख वळत होती! दादाने बांधलेली गाडी. तिच्या मागे मागे जाताना तिला पहिल्यांदा दिसलं की दादाचा हात कसा आहे: कुठे सैल सोडलंय, कुठे आवळलंय, वळणाच्या शेवटी ते मागचं चाक कसं नेमकं बसतं. तिला अभिमान वाटला. तो लपवायला रेडिओवर ती म्हणाली, "निळा फार बोअर करतोय." "नाही," मौनीबाबा म्हणाला.

शेवटच्या टप्प्याला हिशेब सरळ होता. अजिंक्यपद चिकण्याच्या हातात होतं. तो पहिल्या तिघांत आला तरी पुरे. तिच्या हातात फक्त ती शर्यत होती. सकाळी आभाळ भरून आलं, थोडं शिंपडून गेलं, ट्रॅक काही ठिकाणी ओला आणि काही ठिकाणी कोरडा झाला, चादर अर्धी वाळावी तसा. ओल्या रस्त्याचे टायर घालायचे की कोरड्याचे, यावर सगळ्या तंबूंमध्ये खलबतं चालली. मौनीबाबाने तिच्याकडे पाहिलं. ती ट्रॅकच्या कडेपर्यंत चालत गेली, वाकून डांबराला हात लावला, आभाळाकडे नाही पाहिलं, हात पाहिला. "कोरडे," ती परत येऊन म्हणाली. सुरुवातीला ते भोवलं. गाडी साबणावर उभी असल्यासारखी, चारी चाकं चार दिशांना. ओल्या टायरवाले सगळे पुढे गेले आणि ती दहाव्या-बाराव्या जागी ठेचकाळत राहिली. तिला भीती वाटली, आणि या भीतीत कुणाचाही आवाज नव्हता, ती एकटीचीच होती, अगदी स्वतःच्या मापाची. हळूहळू रेषेवरचं पाणी उडालं. गाडी रस्त्याला धरू लागली. ओल्या टायरवाल्यांची रबरं तापून चिघळली, एकेक करून ते मागे आले. शेवटच्या फेऱ्यांना पुढे एकच गाडी उरली, निळी, कोरड्या टायरवरची. दादानेही तेच निवडलं होतं. 

लांब सरळ रस्त्यानंतरच्या डाव्या वळणावर आतली कड अजून ओली होती, काळी चकाकत होती, म्हणून चिकणा दर फेरीला त्या कडेपासून गाडीभर दूर राहून वळत होता. तिथे जागा होती. म्हणजे जागा नव्हती, गाडीच्या रुंदीएवढी ओल होती. मागच्या फेरीला तिने तिकडून जाताना पाहिलं होतं की चकाकी तुटायला लागलीय, मधेमधे राखाडी झालीय. आता? राखाडी जास्त होती. कानात काही नव्हतं. मौनीबाबालाही ते दिसलं असणार. तो "नाही" म्हणाला नाही. तिने ब्रेक जरा लवकर दाबला, स्टिअरिंग आत वळवलं आणि ओल्यावर गेली. एक क्षण गाडी सुटली, मागचा भाग हलकेच बाहेर गेला, तिने हात सैल सोडले, आणि पुढची चाकं राखाडीवर पडली, धरली. दाराशेजारी निळं दार होतं, इतकं जवळ की चिकण्याचं हेल्मेट वळलेलं तिला दिसलं. त्याने धक्का दिला नाही. पोराने जागा सोडली. त्याला अजिंक्यपद हवं होतं आणि बहुधा त्याच्या कानात कुणीतरी म्हणालं असावं, जाऊ दे तिला. झेंडा खाली आला तेव्हा ती पहिली होती, तो दुसरा, आणि मोसम निळ्यांचा होता.

मग मिठ्या झाल्या, पैलवान रडला आणि म्हणाला मला धुळीचा त्रास आहे. मौनीबाबा तिच्यासमोर येऊन उभा राहिला, तोंड उघडलं, अडला, पुन्हा उघडलं. ती थांबली. "फार सुंदर," तो शेवटी म्हणाला. आई प्रेक्षकांच्या कठड्यापाशी दोन रंगांचे दोन स्कार्फ एकत्र पिळून गळ्यात घालून बसली होती आणि वहिनीला विचारत होती, की आता कुणाकडे आधी जायचं असतं.

तंबूंच्या मधल्या गल्लीत दादा भेटला. त्याच्या जाकिटावर कुणीतरी पाणी की आणखी काही ओतलं होतं, केस चिकटले होते. "अभिनंदन," ती म्हणाली. "अजिंक्यवीर." "तुझंही." तो तिच्याकडे पाहत राहिला. "डावीकडून गेलीस तू. ओल्यातून." "हो." "मला पडद्यावर दिसलं तेव्हा मी ओरडलो. माझ्या गाडीवर ओरडायला हवं होतं, तुझ्यावर ओरडलो, नको म्हणून. सगळे बघायला लागले." "मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "बरं झालं," दादा म्हणाला. "काय दिसलं तुला तिथे?" मग तिने त्याला सांगितलं: चकाकी कुठे तुटली होती, राखाडी पट्टा कुठून सुरू होत होता, मागचं चाक कधी सुटलं आणि हातांनी काय केलं. सांगताना ती हातवारे करत होती. तो मधेमधे "मग?" म्हणत होता, "बरं?" म्हणत होता. गल्लीतून माणसं टायर ढकलत नेत होती, त्यांना दोघं दोन्ही बाजूंनी वाट देत होती. "पुढच्या वर्षी त्या वळणाची आतली बाजू आम्ही बंद करणार," तो म्हणाला. "करून बघा," ती म्हणाली. "निळी फार सुरेख वळते, दादा. शेवटी मागचं चाक बसतं ते." त्याच्या भुवया फक्त वर गेल्या आणि तिथेच राहिल्या, आणि एकदम तो खूप लहान दिसला.

निळ्यांच्या तंबूतून कुणीतरी हाका मारत होतं, फोटोसाठी. "जा," ती म्हणाली. "थांबलेत ते." तो गेला. ती उभी राहून पाहत राहिली. चालताना त्याचा उजवा खांदा किंचित पुढे यायचा आणि पावलं बाहेरच्या बाजूला पडायची, बदकासारखी. एका हाताने तो मांडीवर काहीतरी ताल धरत होता. इतकी वर्षं तो सतत तिच्या कानात असल्यामुळे तिने त्याला असं जाताना कधी पाहिलंच नव्हतं. वाटेत जमिनीवर एक टायर आडवा पडला होता. त्याला वळसा घालायला भरपूर जागा होती. त्रेचाळीस वर्षांच्या त्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणी बघत नाही असं समजून तो त्यावरून उडी मारून गेला.